आधी आयका, मगे फोडा

मालवणच्या बाजारात भाईंचं गाण्यांचं दुकान होतं. आधी तिथे कॅसेट मिळत, मग सीडी आल्या, आणि दोन हजार नऊ साली तर भाईंचं पोट मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देण्यावरच चालायचं. दुकानासमोरचं बाकडं मात्र पहिल्यापासून तेच. दुपारी मासळी बाजार ओसरला की त्या बाकड्यावर रापणकारांचे चाहते जमायचे आणि भांडायचे. त्यात बाई एकटी वर्षाली. रिकामी पाटी पायाशी ठेवून ती टोकाला बसायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

रापणकार हे तिघांच्या ग्रुपचं नाव. किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी दोर खेचत जे मोठं जाळं ओढतात ती रापण, आणि आपण रॅप गाणारे, म्हणून रापणकार, ही कोटी लवूची. लवू मालवणातल्याच दांडी किनाऱ्यावरचा, बापजाद्यांपासून रापणीवरचा. सर्वेश त्याच्या शेजारच्या घरातला, शाळेपासूनचा जोडीदार, शब्दाला शब्द जुळवण्यात हुशार. तिसरा दत्तप्रसाद मसुऱ्याचा, भात आणि काजूवाल्या घरातला, दोन बुवा समोरासमोर गातात त्या डबलबारीच्या भजनात पखवाज वाजवणारा. नव्याण्णव सालच्या गणपतीत या तिघांनी मासळीचे रिकामे क्रेट उपडे घातले, त्यांवर ताल धरला आणि मालवणीतून धडाधड बोलायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. ही कसली बारी, समोर दुसरो बुवाच नाय, असं त्यांचं म्हणणं. पण तरण्या पोरांनी तिघांना डोक्यावर घेतलं. पुढच्या आंगणेवाडीच्या जत्रेत त्यांची कॅसेट खेळण्यांच्या दुकानांतूनसुद्धा वाजत होती.

वर्षाली तेव्हा बारावीला होती. तिची आई प्रेमलता पाटी घेऊन आतल्या गावांत मासे विकायला जायची. एकदा सहा सीटर रिक्षातल्या माणसांनी वास येतो म्हणून तिला अर्ध्या वाटेत उतरवलं. भर उन्हात डोक्यावर पाटी घेऊन ती चालत घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. वाडीत त्याचा बोभाटा झाला. कॉलेजात वर्षालीच्या शेजारच्या मुली बाक बदलत, ते ती कुणाला सांगत नसे. आणि मग लवूनं गाणं रचलं, 'पाटी' नावाचं. त्यात रिक्षातला माणूस कोळणीला शिव्या घालतो आणि ती त्याला सव्याज परत करते. ध्रुवपद एवढंच, "वास येता? येवंदे!"

गणपतीच्या मांडवात सगळी वाडी ते ओरडून म्हणत होती आणि वर्षाली खांबाला धरून उभी होती. सुट्टी संपल्यावर ती वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली. शेजारची मुलगी उठून गेली. वर्षालीनं तिला जाऊ दिलं आणि पुस्तक उघडलं. बारावीनंतर तिनं पाटी घेतली ती रडत नव्हे. आईच्या हातून खेचून घेतली.

ग्रुप कधी फुटला हे कुणालाच सांगता आलं नसतं. भांडण असं झालंच नाही. सर्वेश मुंबईला एका स्टुडिओत नोकरीला लागला, दत्तप्रसाद बागायतीत अडकला, लवू समुद्रावर. बाकड्यावरची माणसं मात्र वर्षानुवर्षं वाद घालत राहिली. चूक सर्वेशची की दत्तूची, लवूचा आवाज मोठा की सर्वेशचे शब्द. त्या वादावर कितीजणांचे अबोले धरून झाले आणि सुटूनही गेले.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर बातमी आली की तिघे पुन्हा एकत्र आलेत, नवीन सीडी निघतेय, नाव 'परत ओढ'. बाळा नाचायचाच बाकी राहिला. हा बाळा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. गळा एवढा मोठा की त्याला लाउडस्पीकर लागत नसे, आणि चाहत्यांचं पुढारपण त्यानं स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. त्यानं भाईंच्या दुकानावर कापडी फलक लावला, त्यावर तिघांचे दहा वर्षांपूर्वीचे फोटो.

आनंद जेमतेम पंधरवडा टिकला. मसुऱ्याची संचिता, दत्तप्रसादची चुलत बहीण, कोकम आणि काजूगर घेऊन बाजाराला यायची आणि येताना आतल्या बातम्या आणायची. ती म्हणाली, लवू अर्धी गाणी म्हणून मुंबईहून परत आलाय आणि उरलेल्यांत त्याचा आवाज नाही. 'पाटी' नव्यानं केलंय, त्यावरून खटका उडाला. लोकांना ते खरं वाटेना. मग कुणाच्या तरी मोबाइलवर त्या नव्या 'पाटी'चा एक तुकडा आला. सर्वेशचा आवाज, अगदी पुस्तकी, गुळगुळीत मराठीत,

"वास येतो, येऊ देऊ नका, विनंती आहे खास."

तेवढंच. पण तेवढ्यानं बंदर पेटलं. आमचं गाणं उलटं केलं, इतकी वर्षं मुंबईत राहून सर्वेशला आता वास यायला लागला, असं जो तो म्हणू लागला. बाळानं बाकड्यावर चढून जाहीर केलं की डिसेंबरात बंदराजवळच्या मैदानात सीडीचा कार्यक्रम आहे, त्यात 'पाटी' सुरू झालं की स्टेजसमोर सीड्या फोडायच्या. प्रत्येकानं एकेक विकत घ्यावी, म्हणजे फोडायला होईल. भाईंनी मान डोलावली आणि जास्तीच्या मागवून ठेवल्या.

सगळ्यांत चिडलेली वर्षाली होती. पहिली सीडी मी फोडणार, असं तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं. संचितानं तिला हळूच विचारलं की तिनं पूर्ण गाणं ऐकलं का. वर्षाली म्हणाली, नाही. बाळानं ऐकलं का? नाही. बाकड्यावर बसलेल्यांत कुणीच ऐकलं नव्हतं. तुकडा मात्र सगळ्यांना पाठ होता. संचिता एवढंच म्हणाली की पुढे उत्तर आहे, आणि कोकमाची पिशवी उचलून चालू लागली.

हे वर्षालीला बोचलं. नवी सीडी भाईंकडे येऊन पडली होती, पण घरी ती लावायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मासळी विकून झाल्यावर ती भाईंच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, लावा सगळी, पहिल्यापासून. भाईंनी हेडफोन दिला. ती काउंटरला टेकून उभी राहिली. रिचार्जला आलेलं एक गिऱ्हाईक तिच्या पाटीकडे बघून बाहेर थांबलं. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पहिलं गाणं ट्रॉलरांवरचं, तळ खरवडून नेणाऱ्या बोटींचं. ते लवूच्या आवाजात होतं आणि अस्सल होतं. दुसऱ्यात व्हायोलिन वाजत होतं आणि कुणी गोव्याची मुलगी लवूला सोडून चालली होती. वर्षालीनं तोंड वाकडं केलं. मैत्रीवरचं एक होतं, तेही पाणचट. मग 'पाटी' आलं. क्रेटचा ताल नाही, नुसती टिचकी, आणि सर्वेशचा मऊ आवाज,

"ताई, राग मानू नका, जरा मागे सरता का?
पुढच्या गाडीनं, मोकळ्या गाडीनं, आरामात येता का?
आमचं काही नाही हो, बाकीच्यांना होतो त्रास,
वास येतो, येऊ देऊ नका, विनंती आहे खास."

तो माणूस बोलतच राहिला. आवाज चढवला नाही, एक वाईट शब्द काढला नाही. ताई म्हणाला, आभार मानले, पाटी उतरवायला हात लावू का असंही विचारलं. जुन्या गाण्यातल्या शिव्यांनी तिला कधी एवढा राग आला नव्हता. हेडफोन काढून आपटावा असं वाटलं. तेवढ्यात पखवाजावर थाप पडली आणि दत्तप्रसादचा खरखरीत आवाज आला,

"ताई म्हणालंस? बरा झाला, भावा, सांग माका काय,
तुझ्या ताटात बांगडो येता, तेका वास नाय?
माझी पाटी माझ्या मांडयेर, मी बसतलंय हय,
तुका जड जाता तर तू उतार, वाट उगडी थंय."

तेवढ्या चार ओळींवर गाणं संपलं. वर्षालीनं भाईंना ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. बाहेर थांबलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

संध्याकाळी प्रेमलता परसात बांगडे कापत बसली होती. वर्षाली तिच्यासमोर बसली आणि गाण्यातल्या त्या माणसाची नक्कल करत तिनं सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या. तिला वाटलं, आई हसेल नाहीतर चिडेल. प्रेमलतेचा हात थांबला.

"असोच बोललो होतो तो," ती म्हणाली.

वर्षालीला कळेना. मग प्रेमलतेनं सांगितलं. चष्मा लावलेला माणूस होता, कुठल्याशा ऑफिसातला असावा. मावशी, राग मानू नका, असं म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं पाटी खाली उतरवली, नीट सावलीत ठेवली आणि नमस्कार केला. बाकीचे गप्प होते.

"मगे लवूदाच्या गाण्यात तो गाळी घालता ता?"

"ता लवून घातल्यान. तेणा गाळी दिल्यान आसत्यान तर मी तेका सोडलंय नसतंय. तो गोड बोललो. गोड बोलणाऱ्याक काय बोलतलंस?"

इतक्या वर्षांत हे लवूला का सांगितलं नाही, असं वर्षालीनं विचारलं. प्रेमलता म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. गाणं माझं म्हणून सगळ्यांनी म्हटलं, पण माझ्याकडे येऊन काय झालं हे कुणी विचारलं नाही. आणि तिनं पुढचा बांगडा हातात घेतला.

वर्षाली त्या रात्री जेवली, झोपली, पण सकाळी उठली ती ठरवूनच. ती सरळ दांडीच्या किनाऱ्यावर गेली. रापण ओढून झाली होती, माणसं मासळी निवडत होती, लवू ओल्या दोराची वळकटी करत बसला होता. पस्तिशीच्या घरातला, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. तिनं त्याला विचारलं, मुंबईत नेमकं काय झालं.

लवूनं दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं की नव्या गाण्यातला तो गोड बोलणारा माणूस सर्वेशनं त्याला म्हणायला लावला होता. सर्वेशचं म्हणणं, सगळ्यांत मोठा आवाज तुझा, आणि तू रापणीवरचा. तुझ्या तोंडून ते आलं की ऐकणाऱ्याला चावेल. लवूनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा हेडफोन काढून ठेवला आणि गाडी पकडली.

"ज्या तोंडान आवशीक हाक मारतंय, त्या तोंडान मी ता म्हणूचंय नाय," तो म्हणाला. "आणि त्या माणसाक एवढा बोलूक कित्याक देवचा? तेका सगळा गाणा, आणि आमका शेवटाक चार ओळी?"

वर्षालीला हे पटलं. तिनं तसं सांगितलंही. तू म्हटलं नाहीस ते बरोबरच केलंस, ती म्हणाली, पण कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. आणि तिनं आईनं सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. लवूचा चेहरा उतरला. दहा वर्षं ज्या गाण्यावर त्याचं नाव होतं, ते खरं तसं घडलंच नव्हतं. पण तो पडतं घेणारा माणूस नव्हता. आपण रचलं तेव्हा त्या शिव्यांनीच लोक पेटून उठले होते, असं तो म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं.

नवीन गाणं तू ऐकलंस का, असं तिनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ज्यात माझा आवाज नाही ते मी का ऐकू, असं त्याचं म्हणणं. मग निदान बाळाला फोडाफोडी थांबवायला सांग, ती म्हणाली.

"फोडा म्हणान मी कोणाक सांगूक नाय. फोडू नको म्हणानय सांगूचंय नाय."

"तुझ्या नावान फोडतत ते."

"नाव माझा, हात तेंचे," लवू म्हणाला आणि उठून होडीकडे गेला.

वर्षाली तिथून निघाली ती रागानं धुमसतच. दुपारी बाकड्यावर तिनं सगळ्यांना तोंडावर सांगितलं की मी फोडणार नाही. सीडीतली दोन गाणी टाकाऊ आहेत, लवूशिवाय रापणकार हे अर्धेच रापणकार, हेही ती म्हणाली. पण नवीन 'पाटी' जुन्यापेक्षा धारदार आहे, आणि ते पुरतं न ऐकता जो फोडेल त्याला रापणकारांचं काही कळत नाही.

एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, संचितानं हिला फितवलं. कुणी म्हणालं, सर्वेशनं फुकट सीडी दिली असेल. बाळानं शांतपणे सांगितलं की आता तिनं या बाकड्यावर बसू नये, इथे लवूची माणसं बसतात. वर्षालीनं पाटी उचलली, बाकड्याच्या बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. बाकीच्यांना सरकावं लागलं. अंधार पडेपर्यंत ती तिथे बसून राहिली आणि मग आपली आपण उठून घरी गेली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. वर्षालीनं बाजारातल्या बायकांना सांगून ठेवलं होतं, त्या काम आटोपून तशाच आल्या होत्या आणि पुढच्या बाजूला वाळूवर बसल्या होत्या. प्रेमलताही होती. बाळा आणि त्याची माणसं स्टेजच्या डाव्या अंगाला उभी, प्रत्येकाच्या हातात सीडी. लवू आला नव्हता. स्टेजवर सर्वेश आणि दत्तप्रसाद दोघेच, आणि मध्ये तिसरा माइक मोकळा ठेवलेला. तो मोकळा माइक बघून लोक आधीच कुजबुजत होते.

पहिली गाणी पार पडली. सर्वेश बारीक झाला होता, डोक्यावरचे केस मागे हटले होते, पण बोलण्यातला वेग तोच होता. मग टिचकीचा ताल सुरू झाला आणि तो म्हणाला, "ताई, राग मानू नका..."

दुसऱ्या ओळीलाच बाळाच्या माणसांनी आरडाओरड केली. लवू, लवू, असा पुकारा उठला. पहिली सीडी काड्कन फुटली, मग दुसरी. वाळूत तुकडे उडाले. मागच्या लोकांना काय चाललंय कळत नव्हतं, तेही ओरडायला लागले. सर्वेशनं दोन ओळी रेटल्या, "येऊ देऊ नका" पर्यंत आला आणि थांबला. त्यानं माइक खाली केला. दत्तप्रसाद पखवाजावर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

वर्षाली उठली आणि स्टेजच्या कडेला गेली. तिच्या हातात माइक नव्हता, पण बाजारात आवाज लावायची तिला सवय होती.

"थांबलंस कित्याक?" ती सर्वेशला म्हणाली. "वास येता म्हणालंस ना? ह्या मैदानात, आमच्या आवशींच्या समोर? आता उत्तर दिल्याशिवाय हयसून जावचा नाय. पुरा कर."

मग ती वळली. बाळा हात उंचावून उभा होता, त्याच्या हातातली सीडी अजून फुटायची होती.

"आणि तू, बाळादा. पाच मिंटा थांबलंस तर तुझा काय फुटाचा नाय. आधी आयका, मगे फोडा. आयकान झाल्यार तुझी सीडी मी फोडून देतंय, माझ्या पायान."

पुढच्या बायकांतून हशा आला. प्रेमलता हसली नाही. ती उठून वर्षालीशेजारी येऊन उभी राहिली, मग आणखी दोघी आल्या. आता बाळाला ओरडायचं तर या बायकांवर ओरडावं लागलं असतं, आणि त्यांच्या रोजच्या बोलीवरच त्याचा लिलाव चालायचा. तो गप्प झाला, पण सीडी खाली केली नाही.

सर्वेशनं पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तो आणखी मऊ बोलला. आधी जिथे आरडाओरड झाली तिथे आता बायका नुसत्या बघत होत्या, आणि ते बघणं सोसवेना म्हणून की काय, शेवटच्या ओळी त्यानं डोळे मिटून म्हटल्या. पखवाजावर थाप पडली. दत्तप्रसाद उभा राहून बोलला, मसुऱ्याच्या ठसक्यात, आणि "तू उतार" म्हणताना त्यानं हात लांब करून मैदानाबाहेरचा रस्ता दाखवला. बायकांनी एवढा गलका केला की पुढचं काही ऐकू आलं नाही.

गलका ओसरल्यावर बाळानं आपली सीडी गुडघ्यावर मोडली. ऐकून मोडली, असं म्हणायची सोय त्यानं ठेवली. त्याच्या माणसांतल्या काहींनी मोडल्या, काहींनी खिशात घातल्या. वर्षालीनं त्याला अडवलं नाही. आधी ऐका, एवढंच तिचं मागणं होतं.

कार्यक्रम संपल्यावर सर्वेश तिला शोधत खाली आला. आभार मानायला लागला तर तिनं ते ऐकून घेतले नाहीत. व्हायोलिनचं गाणं कुणी सुचवलं, हे तिनं आधी विचारलं. मैत्रीवरचं गाणं काढून टाकायला हवं होतं, म्हणाली. मग प्रेमलतेला पुढे करून म्हणाली, ही ती बाई, हिला अजून कुणी काही विचारलेलं नाही. सर्वेश वाकून पाया पडला. प्रेमलतेनं त्याला उठवलं आणि त्याच्या आईची चौकशी केली.

"लवूदाकडे गेललंस?" वर्षालीनं शेवटी विचारलं.

त्यानं सांगितलं की त्यानं फोन केले, निरोप पाठवले, लवू बोलत नाही.

"निरोप पाठवूक तो काय पावणो आसा? तेच्या बाजूक तुझा घर. चलान जा."

सर्वेश गेला की नाही हे वर्षालीला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदरावर लिलावाला गेली. रापणीचे पेडवे, तारलीसारखे बारीक मासे, आले होते, ढीग घातला होता, कडेला लवू आणि त्याची माणसं उभी. बाळानं पुकारा सुरू केला. वर्षालीनं बोली लावली. बाळानं दुसरीकडे तोंड केलं आणि आधीचीच बोली पुकारली. तिनं चढवून लावली. त्यानं तीही ऐकली नाही. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मालवणात बाळाशी वाकडं घेऊन मासे विकता येत नाहीत, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. वर्षालीलाही ठाऊक होतं. मासळी मिळाली नाही तर पाटी रिकामी घेऊन घरी, आज, उद्या, परवा, बाळाचा राग उतरेपर्यंत.

तिनं आपली पाटी उचलली, ढिगाजवळ गेली आणि पाटी पेडव्यांवर ठेवली.

"माझी बोली आसा," ती म्हणाली. "हेच्यावर कोणाची आसात तर सांगा."

कुणी बोललं नाही. बाळानं बायकांकडे बघितलं, नाव घेऊन एकीला विचारलं. तिनं पदर खोचला आणि समुद्राकडे बघितलं. दुसरीनं आपली पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. पेडव्यांवर माश्या घोंगावायला लागल्या.

"बाळा," लवू कडेनं म्हणाला, "मासळी आमची. बोली तिची आसा. दी तिका."

मी हे सगळं तुझ्यासाठीच केलं, असं काहीसं बाळा म्हणायला लागला. लवूनं ते पुरं होऊ दिलं नाही. माझ्यासाठी काय करायचं ते मला विचारून करायचं, एवढं म्हणून तो वळला. बाळानं वर्षालीच्या नावानं लिलाव तोडला. आवाज नेहमीपेक्षा लहान लागला, पण तोडला.

वर्षाली पाटी भरत असताना लवू जवळ आला. सर्वेश काल रात्री घरी आला होता, असं तो म्हणाला. बसला, चहा घेतला, दोघांनी गाण्याचा विषय काढला नाही. पुन्हा एकत्र ओढू या असं कुणी म्हणालं नाही, आणि आता म्हणणारही नाही. सर्वेश आज मुंबईला चाललाय.

"गाणा आयकलंस?" तिनं विचारलं.

"नाय." तो म्हणाला. "तुझ्या आवशीकडे येतलंय सांजचो. काय झाला ता पयल्यापासून सांग म्हणान सांगतंय तिका."

"ती सांगात," वर्षाली म्हणाली. "पण ती बोलता तवसर तू मदी बोलूचा नाय."

लवू हसला नाही, पण त्यानं खाली वाकून पाटीला हात लावला. वर्षालीनं त्याचा हात बाजूला केला, पाटी आपली आपण डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या वाटेला लागली.